पूर येणार हे धरून बांधलेलं घर

पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या खोऱ्यात, डच वसाहतकारांच्या परंपरेतल्या ख्रिस्तकोवो गावात १७७० सालचं एक लाकडी शेतघर उभं आहे. नेदरलँड्समधल्या धर्मछळातून निसटलेले मेनोनाइट सोळाव्या शतकात या खोऱ्यात येऊ लागले. चर खणून, बांध घालून त्यांनी दलदल पिकाखाली आणली.

मला लक्षणीय वाटते ती त्यांच्या घरांची मांडणी. राहतं घर, गोठा आणि धान्याचं कोठार एकाच छपराखाली, ओळीने. घर उंचवट्यावर, नदीला समांतर. माणसं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जनावरं खालच्या. म्हणजे पुराचं पाणी गोठ्यातली घाण घरात न आणता पुढे घेऊन जाई. वाहून येणारा बर्फ अडवायला बाहेर वाळुंजाची झाडं. पूर टळणार नाही, हे त्यांनी मान्यच केलं होतं.

तरी ही माणसं पुरामुळे गेली नाहीत. १७७२ नंतर प्रशियाची सत्ता आली. शस्त्र न धरण्याच्या व्रतापायी त्यांच्या जमीनखरेदीवर बंधनं आली, आणि कित्येक कुटुंबं आजच्या युक्रेनकडे निघाली. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना १९४५च्या सुमारास युद्धाने हुसकलं. त्यांची घरं आज दुसरेच लोक जपताहेत.