थांबणाऱ्या गाडीची गोष्ट

थांबणं आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मातीतच आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटात बैलांचे तांडे जकातीसाठी थांबत. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे.

वडिलांची फियाट मंचरच्या थंडीत थांबे. विजेचा स्टार्टर १९१२ सालीच कॅडिलॅकमध्ये आला होता, केटरिंगसाहेबाची कृपा! पण बॅटरीनं मान टाकली की साहेब तरी काय करणार? मग वडील हँडल मारत. ते उलटं फिरलं की हात गळ्यात!

आमची नवी गाडी शहाणी. नारायणगावात टोमॅटोच्या पिकअपमागे उभी राहिली की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की चालू. तेल वाचवायची ही युक्ती टोयोटानं १९७० च्या दशकातच क्राउन गाडीत बसवली होती. मला मात्र दर वेळी वाटे, गेली!

एक दिवस हे बंद पडणंच बंद पडलं. मी खूश. मिस्त्री हसला. म्हणाला, "साहेब, बॅटरी दमलीय. बंद केलं तर पुन्हा चालू करता येईल याची तिला खात्री नाही, म्हणून बंदच करू देत नाही."

मला वडील आठवले. शेवटच्या वर्षी "दादा, जरा बसा" म्हटलं की म्हणत, "बसलो तर उठवायला तूच लागशील."

मुकाट्यानं नवी बॅटरी घेतली.