धर्मगुरूंविना सात पिढ्या

श्रद्धा टिकते ती कशाच्या आधारावर? भव्य मंदिरांच्या, धर्मगुरूंच्या, शाळा-संस्थांच्या की घरातल्या चुलीजवळ होणाऱ्या प्रार्थनेच्या? ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नाची कसोटी पाहणारे प्रसंग अनेक आले. परंतु जपानमधील नागासाकी परिसरातल्या शेतकरी व कोळी कुटुंबांनी दिलेले उत्तर अगदी वेगळे आहे. सव्वादोनशे वर्षे त्यांच्याकडे चर्च नव्हते, मिस्सा नव्हती, पापनिवेदन ऐकणारे कोणी नव्हते. तरीही विश्वासाची वात त्यांनी विझू दिली नाही.

15 ऑगस्ट 1549 रोजी संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा येथे उतरले आणि जपानमध्ये सुवार्ताप्रसाराला आरंभ झाला. बीज झपाट्याने रुजले. पण राज्यकर्त्यांच्या मनात परकीय सत्तेविषयीचा संशयही तितक्याच झपाट्याने वाढला. 1587 मध्ये हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांपैकी एक आपल्या वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया होते. फ्रान्सिस्कन संघाचे हे साधे व्रतस्थ बंधू जपानी भाषेत पारंगत असल्यामुळे आपल्या सहकाऱ्यांचे दुभाषी म्हणून काम करीत. 1862 साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले.

1614 मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. योगायोग असा की, त्यानंतर दोनच वर्षांनी, 1616 साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. इकडे ख्रिस्तकथा मराठी ओव्यांतून मोठ्याने गाइली जाऊ लागली, तर तिकडे ख्रिस्ताचे नाव ओठांतल्या ओठांत उच्चारण्याची वेळ आली. 1637-38 च्या शिमाबारा उठावानंतर छळाला धार चढली. गावोगावी बंदीचे फलक लागले. ख्रिस्ती माणसाची माहिती देणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर झाले. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदविणे सक्तीचे झाले. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाबद्दल सर्वांना जबाबदार धरण्यात येई. 1644 साली मान्शो कोनिशी या जपानी धर्मगुरूंना देहदंड झाला आणि त्यांच्याबरोबर देशात गुप्तपणे सेवा करणाऱ्या धर्मगुरूंची परंपरा खंडित झाली.

इथून पुढची कथा प्रापंचिकांची आहे. उराकामी हे नागासाकीजवळचे खेडे. तिथल्या लोकांनी धर्मग्रामाची सारी कामे आपापसांत वाटून घेतली. एक जण 'चोकाता', म्हणजे वही सांभाळणारा. 1634 सालच्या जुन्या दिनदर्शिकेच्या आधारे नाताळ केव्हा, उपवासकाळ केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, याचे गणित तो मांडी. दुसरा 'मिझुकाता', म्हणजे पाणी देणारा; नवजात बालकांना बाप्तिस्मा देणे हे त्याचे काम. तिसरा 'किकियाकू', सणाचा दिवस कोणता हे तो घरोघरी कानात सांगून येई. वही, पाणी आणि निरोप एवढ्या तीन गोष्टींवर एक ख्रिस्तसभा उभी राहिली. तिचे सेवक दिवसा शेतात राबणारे सामान्य गृहस्थ होते.

त्यांच्या प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. हा लॅटिन भाषेतील 'ओरात्सिओ' या शब्दाचा अपभ्रंश. लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत राहिल्याने त्यांचे रूप बदलले, अर्थही पुष्कळदा हरवला. पण बापाने ते मुलाला शिकविले आणि मुलाने नातवाला. बाळाला घेतलेली बौद्ध कान्नोनची मूर्ती ते देवघरात ठेवीत आणि तिच्यात पवित्र मरियेला पाहत. घरात मृत्यू झाला की कायद्याप्रमाणे बौद्ध भिक्षूला बोलवावेच लागे. भिक्षू मंत्र म्हणत असता काही ठिकाणी शेजारच्या खोलीत घरची माणसे आपली प्रार्थना पुटपुटत.

या कथेतला सर्वांत वेदनादायक भाग आपण टाळता कामा नये. नागासाकीत वर्षातून एकदा प्रत्येकाला 'फुमिए' तुडवावी लागे. प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा कोरलेली ही पाटी. तीवर पाय ठेवण्यास जो नकार देईल तो ख्रिस्ती ठरे आणि त्याचे पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असे. ज्यांनी नकार दिला ते रक्तसाक्षी झाले. ज्यांनी पाय ठेवला, त्यांचे काय? ते घरी परतले आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाले. सतराव्या शतकाच्या प्रारंभी तयार झालेली पूर्ण पश्चात्तापाविषयीची एक पुस्तिका त्यांनी जिवापाड जपली होती. धर्मगुरू उपलब्ध नसतील तेव्हा देवावरील प्रेमापोटी केलेल्या खऱ्या पश्चात्तापाने, आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याच्या निश्चयाने, क्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची शिकवण तीत होती.

त्यांना भित्रे म्हणावे का? सुरक्षित बाकावर बसून असा निवाडा देणे सोपे आहे. पायाखालची प्रतिमा कोणाची, हे तुडवणाऱ्यालाच सर्वांत अधिक कळत होते. त्यांनी आपल्या कृतीचे समर्थन केले नाही. तिला पाप म्हटले आणि त्या पापाचे ओझे वाहत मुलांना प्रार्थना शिकविली. रक्तसाक्ष्यांच्या रक्ताने ख्रिस्तसभा वाढते हे खरे. पण या दुर्बळ माणसांच्या अश्रूंनीही ती जगली, हे विसरून चालणार नाही.

'सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे येतील,' अशा आशयाची बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाची भविष्यवाणी त्यांच्यात सांगितली जाई. नागासाकी बंदर परकीयांना खुले झाले आणि पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या फ्रेंच धर्मगुरूंनी ओउरा येथे चर्च बांधले. फेब्रुवारी 1865 मध्ये त्याचे समर्पण झाले, तेही निशिझाकाच्या सव्वीस संतांच्या नावाने. म्हणजे वसईच्या गोन्सालोचे स्मरण त्या वास्तूला पहिल्या दिवसापासून लाभले होते.

17 मार्च 1865 रोजी दुपारी उराकामीचे सुमारे पंधरा लोक तिथे आले. फादर बर्नार्ड पेतिजाँ वेदीपुढे प्रार्थना करीत होते. एका स्त्रीने जवळ येऊन हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे; आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. मूर्तीपुढे नेल्यावर त्यांचा आनंद ओसंडून वाहू लागला. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, आज दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार 1 मार्च रोजी होता. सव्वादोनशे वर्षांनंतरही त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता!

छळ मात्र संपला नव्हता. धर्मगुरू मिळाल्यावर उराकामीच्या लोकांना लपून राहणे असह्य झाले. 1867 मध्ये त्यांनी भिक्षूंना न बोलाविता आपल्या मृतांना मूठमाती दिली आणि अटकसत्र सुरू झाले. पुढील तीन वर्षांत सुमारे 3,400 जणांना निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी सहाशेंहून अधिक तिथेच मरण पावले. या हद्दपारीला ते 'प्रवास' म्हणत. 1873 साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले घरी परतले. ज्यांच्या आजा-पणजांनी प्रतिमेवर पाय ठेवला होता, त्यांच्यातील अनेकांनी स्वतः मात्र माघार घेण्यास नकार दिला होता. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात दरवर्षी फुमिए तुडविली जाई, तीच जागा विकत घेऊन त्यांनी तिथे विटांचे मोठे चर्च बांधले. 1914 साली ते पूर्ण झाले.

9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर पडलेला अणुबॉम्ब या उराकामीवरच फुटला. तिथल्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी 8,500 च्या आसपास प्राणाला मुकले, चर्चही कोसळले. डॉक्टर ताकाशी नागाई यांची पत्नी मिदोरी वंशपरंपरागत चोकाता घराण्यातली. घराच्या राखेत डॉक्टरांना तिच्या अस्थी सापडल्या आणि त्यांच्याजवळ वितळलेली जपमाळ. जी प्रार्थना त्या घराण्याने सात पिढ्या लपवून सांभाळली, ती तिने अखेरपर्यंत उघडपणे जपली होती.

2018 साली युनेस्कोने नागासाकी परिसरातील या गुप्त ख्रिस्ती स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, ही आनंदाची बाब आहे. पण हा वारसा केवळ पर्यटकांनी पाहावा असा नाही. आपल्याकडे वेळच्या वेळी मिस्सा आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, गोन्सालो गार्सियांच्या नावाचे चर्च व महाविद्यालय वसईत उभे आहे. त्यामुळेच श्रद्धेची सारी कामे धर्मगुरूंवर, भगिनींवर आणि वर्ग घेणाऱ्यांवर सोपविण्याचा मोह आपल्याला होतो. मुलाला क्रुसाची खूण कोणी शिकवावी? संध्याकाळची जपमाळ कोणी सुरू करावी? उपवासकाळ लागल्याचे घरात कोणाच्या लक्षात असावे? उराकामीच्या घरांत या प्रत्येक प्रश्नाला एका माणसाचे नाव होते. आपल्या घरात ते नाव कोणाचे, हे प्रत्येक कुटुंबाने आज रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी ठरवावे.