दुसरं कोकरू

काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. लहानपणी ते बघायला आम्ही इंदापूरहून जायचो. त्यामुळे मेंढी म्हटलं की मला आधी काटेवाडी आठवते. परवा मात्र मेंढीचीच एक भलतीच गोष्ट वाचनात आली.

आपली दख्खनी मेंढी वेताला बहुतेक एकच कोकरू देते. सुंदरबनातली बुटकी गरोळ मेंढी दोन-तीन देते. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या बुरूला नावाच्या शेतावर मेरिनो मेंढ्यांना जुळी-तिळी होऊ लागली. हा गुण त्या बंगाली मेंढ्यांचाच, असं मानतात.

गुणाचं मूळ सापडलं २००१ मध्ये: बीएमपीआर-१बी हा जीन. त्याचं प्रथिन पेशीच्या अंगावर बसून बाहेरचा निरोप आत पोचवतं. हाच जीन उंदरांमध्येही आहे. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी तो उंदरांमध्ये बंद करून पाहिला, तर बोटांची हाडं नीट वाढली नाहीत आणि माद्या वांझ राहिल्या. बुरूला मेंढीत तो बंद नव्हता. प्रथिनातलं २४९ व्या जागचं एक अमिनो आम्ल तेवढं बदललं होतं. त्याने एका वेळी जास्त बीजं पिकतात. २००२ मध्ये गरोळ मेंढीतही नेमका तोच बदल सापडला.

आणि हा जीन आपल्या दाराशी आलाय! बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गरोळ आणून दख्खनीशी संकर केला. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी झाली. जीनची एकच प्रत असली तरी बऱ्याचदा जुळं होतं. दोन प्रती असल्या तर तिळंही, पण ते जगवणं कठीण.

हे वाचताना २००३ चा दुष्काळ आठवला. आमच्या रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरमामांची एक मेंढी जुळं व्याली होती. मामा खुश नव्हते. "दुसऱ्याला दूध कुठनं आणू, पोरी?" म्हणाले. आईने ते कोकरू बाटलीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेलं.

जीनचा निरोप दोन कोकरांचा असतो. चारा-पाण्याचा निरोप त्यात नसतो, तो माणसांनाच पोचवावा लागतो. मामा आज असते तर त्यांना ही मेंढी दाखवायला फलटणला नेलं असतं. पण पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला असता.