वारा, पाऊस आणि शाळेची वाट
नेदरलँड्स हा सपाट देश. उत्तर समुद्रावरून येणारा वारा अडवायला तेथे डोंगर नाहीत, पाऊसही बारमाही. तरीही तेथील असंख्य मुले समोरचा वारा झेलीत, रेनकोट घालून सायकलीने शाळेत जातात. ही प्रथा मध्यंतरी लोपू लागली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. 1971 मध्ये रस्ते-अपघातांत 3,000 हून अधिक माणसे दगावली. त्यांत 400 हून अधिक बालके होती. संतप्त पालक रस्त्यावर उतरले आणि ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. 1973 च्या तेलसंकटात काही रविवारी मोटारींना बंदी झाली. पुढे शासनाने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले. वारा-पाऊस आजही तसाच आहे. मुलांच्या वाटेवरील धोका मात्र मोठ्यांनी कमी केला.