ईस्टरनंतरचे पन्नास दिवस : एल साल्वादोर, १९७७

ईस्टरच्या रविवारी शुभेच्छांचे मेसेज येतात आणि सोमवारी थांबतात. आम्हा कॅथलिकांचंही तसंच होतं. चाळीस दिवस उपवासकाळ पाळतो, मटण-मासे सोडतो, क्रुसाची वाट करतो, आणि ईस्टरचं जेवण झालं की संपलं. खरं तर चर्चच्या पंचांगात ईस्टर हा एका दिवसाचा सण नाहीच. तिथून पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा पास्काकाळ असतो, म्हणजे उपवासकाळापेक्षाही मोठा. उपवासात काय सोडायचं ते सगळ्यांना पाठ असतं. या पन्नास दिवसांत काय करायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मला कुणी विचारलं तर मी १९७७ सालच्या पास्काकाळाची गोष्ट सांगतो. ती घडली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशात.

कॉफी, कापूस आणि ऊस यांवर चालणारा हा देश. जमीन मूठभर घराण्यांच्या हातात, सत्ता लष्कराच्या हातात, आणि बहुतेक जनता कॅथलिक. म्हणजे मळ्याचा मालक, त्याचा मजूर आणि मजुरावर बंदूक रोखणारा शिपाई, तिघंही एकाच मिस्साला जाणारे. फेब्रुवारी १९७७ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. घोटाळ्याचा आरोप झाला, लोक राजधानीच्या चौकात जमले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच महिन्यात सान साल्वादोरच्या आर्चबिशपपदाची सूत्रं ऑस्कर रोमेरो यांनी घेतली. वय ५९, स्वभाव भिडस्त, विचार जुन्या वळणाचे. मळेवाल्यांना ही निवड पसंत होती. गरिबांमध्ये काम करणारे फादर मात्र निराश झाले होते.

१२ मार्चला रोमेरोंचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. हे येशूसंघीय धर्मगुरू अगिलारेस या उसाच्या पट्ट्यात काम करत. मजुरांना एकत्र बसवून बायबल वाचायचं आणि आपल्या जगण्याशी ताडून पाहायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांच्यासोबत गाडीत असलेले एक वृद्ध आणि एक किशोरवयीन मुलगा, दोघंही मारले गेले.

आता ही गोष्ट उपवासकाळातली. रोमेरोंनी काय केलं? २० मार्चच्या रविवारी आपल्या धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चमधली मिस्सा रद्द केली आणि जाहीर केलं की आज एकच मिस्सा होईल, कॅथेड्रलमध्ये. रविवारची मिस्सा रद्द करणं म्हणजे काय, हे कॅथलिक माणसालाच कळेल. पोपच्या राजदूतांनी विरोध केला, श्रीमंत भाविक चिडले. त्या दिवशी सुमारे एक लाख लोक आले असं सांगतात. शिवाय खुनांचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. जुलैमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला तेव्हा त्यांनी हा शब्द पाळला. योगायोग असा की त्या जनरलचं आडनावही रोमेरोच.

१० एप्रिलला ईस्टर आला. त्याच तारखेनं रोमेरोंनी आपलं पहिलं पालकीय पत्र काढलं. विषय होता ‘पास्काची ख्रिस्तसभा’. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा: चर्चचा जन्मच पुनरुत्थानातून झालाय. म्हणून मरणाकडून जीवनाकडे नेण्याचं जे काम ख्रिस्तानं केलं, तेच चर्चनं इथे, या देशात करायचं आहे. मेदेयीन इथे १९६८ मध्ये भरलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांच्या परिषदेनं गरीब आणि सत्तेपासून अलिप्त अशा चर्चची भाषा केली होती. रोमेरोंनी ती ईस्टरच्या श्रद्धेशी जोडली.

पत्र लिहिणं सोपं असतं हो. पुढच्या पन्नास दिवसांत त्याची परीक्षा झाली.

१९ एप्रिलला देशाचे परराष्ट्रमंत्री बोर्गोनोवो यांचं डाव्या गनिमांनी अपहरण केलं. १० मे रोजी त्यांचा मृतदेह सापडला. ते बड्या घराण्यातले. रोमेरोंनी त्यांच्याही अंत्यविधीची मिस्सा केली आणि ही हत्यासुद्धा तितक्याच स्पष्टपणे धिक्कारली. लगेच दुसऱ्या दिवशी, ११ मे रोजी, सूड म्हणून फादर आल्फोन्सो नावारो यांना त्यांच्या घरात शिरून मारलं. त्यांच्यासोबत एक कोवळा मुलगाही गेला. एका आठवड्यात दोन्ही बाजूंची प्रेतं, आणि दोन्हींसाठी प्रार्थना करणारा माणूस एकच. रोमेरोंना ‘एका पक्षाचे’ म्हणणाऱ्यांनी हा आठवडा जरूर वाचावा.

त्यानंतर लष्करानं अगिलारेसला वेढा घातला. या कारवाईला त्यांनी नाव दिलं होतं ‘ऑपरेशन रुतिलिओ’. मारलेल्या धर्मगुरूचंच नाव! माणसं मारली गेली, तीन येशूसंघीयांना देशाबाहेर काढलं. चर्चची बराक झाली. वेदीवरच्या ज्या पेटीत ख्रिस्तशरीर ठेवतात, ती गोळ्या झाडून फोडली आणि पवित्र भाकरी जमिनीवर विखुरली.

२९ मे रोजी पेंटेकॉस्ट झाला, पास्काकाळ संपला. पण सैनिकांनी ते गाव सोडेपर्यंत जून उजाडला. १९ जूनला रोमेरो तिथे गेले, मिस्सा केली आणि प्रबोधनात गावकऱ्यांना सांगितलं की भाल्यानं भोसकलेला ख्रिस्त म्हणजे तुम्हीच. मग ख्रिस्तशरीराची मिरवणूक निघाली. चौकात सैनिक बंदुका रोखून उभे होते. लोक थबकले. मागून येणारे रोमेरो म्हणाले, पुढे चला. लोक पुढे निघाले आणि सैनिक बाजूला झाले.

पुढची तीन वर्षं दर रविवारी त्यांचं प्रबोधन रेडिओवरून देशभर ऐकलं जाई. शुभवर्तमान समजावून झालं की ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, गायब झालेल्यांची नावं वाचत. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते मिस्सामध्ये ऐकायला मिळे. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांना थेट सांगितलं की आपल्याच बांधवांना मारू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. देश यादवीत गेला, १९९२ च्या शांतता करारापर्यंत सुमारे ७५ हजार माणसं मेली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगानं हत्येचा आदेश मेजर दॉब्विसों यांनी दिल्याचं नोंदवलं. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमेरोंना संत घोषित केलं.

त्यांच्याच देशातले बहुतेक बिशप तेव्हा त्यांच्या विरोधात होते. चर्च फुटेल, सरकार आणखी चवताळेल ही त्यांची भीती निव्वळ भित्रेपणाची नव्हती. पण गप्प राहून एकाही मजुराचा जीव वाचल्याचं दिसत नाही.

‘फादरांनी देवळात राहावं’ हे वाक्य आपल्याकडेही नवं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडांविरुद्ध उभे राहिले तेव्हाही हा सूर निघालाच होता. वसई आणि एल साल्वादोरची तुलना करायची नाही, तिथे सांडलेलं रक्त फार मोठं आहे. प्रश्न तेवढा सारखा आहे: श्रद्धेचा देवळाबाहेरच्या जमिनीशी, पाण्याशी, माणसाच्या जिवाशी संबंध आहे की नाही?

रोमेरोंसारखं मरण पत्करा, असं कुणीच कुणाला सांगू नये. त्यांची एक सवय मात्र आपल्याला झेपण्यासारखी आहे. मिस्सात आपण ‘गोरगरिबांसाठी, दुःखितांसाठी’ प्रार्थना करतो. त्यात नाव कुणाचंच नसतं, त्यामुळे कुणाला राग येत नाही आणि काही बदलतही नाही. या पास्काकाळात आपापल्या धर्मग्रामात नाव घेऊन प्रार्थना करून पाहा. गटारात उतरून मेलेल्या कामगाराचं, जमीन गिळली गेलेल्या आदिवासी कुटुंबाचं, तारखांवर तारखा सोसणाऱ्या विधवेचं. अर्थात त्यांना विचारून. नाव घेतलं की त्या घरी जावं लागतं. सुरुवात तिथूनच होईल.