लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी जुनी पेट्रोल हॅचबॅक (नांदेड–लातूर परिसर)

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी जुन्या पेट्रोल हॅचबॅकची निवड म्हणजे पूर्वी वापरलेली, चार मीटरपेक्षा कमी लांबीची व मागे वर उघडणारे दार असलेली पेट्रोल मोटार महामार्गावरील नियमित प्रवासासाठी पारखून विकत घेणे होय. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांतून शिक्षण, नोकरी, वैद्यकीय उपचार व व्यापार यांसाठी पुणे, हैदराबाद, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे वारंवार जावे लागते. त्यामुळे शहरातल्या शहरात वापरायच्या गाडीपेक्षा येथील ग्राहकाचे निकष वेगळे असतात. गाडीची यांत्रिक अवस्था, टायर, सुरक्षासाधने आणि मालकी हक्काची कागदपत्रे हे या निवडीचे चार प्रमुख घटक मानले जातात.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० या मोटारीने भारतीय मध्यमवर्गात हॅचबॅक हा प्रकार रुजवला. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या व १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत पेट्रोल इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्यानंतर बहुतेक उत्पादकांनी आपली पेट्रोल हॅचबॅक १.२ लिटर इंजिनाच्या मर्यादेत बसवली. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज याच क्षमतेच्या गाड्या सर्वाधिक दिसतात, त्याचे मूळ या करसवलतीत आहे. वस्तू व सेवा कराच्या रचनेतही ही मर्यादा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर १८ टक्के झाल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे जुन्या गाडीची किंमत ठरवताना त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचा चालू दर पाहणे आवश्यक ठरते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ (बीएस-६) मानके लागू झाल्यावर अनेक उत्पादकांनी लहान डिझेल इंजिने बंद केली. म्हणून अलीकडच्या वर्षांतील जुन्या हॅचबॅकमध्ये पेट्रोल गाड्यांचे प्रमाण मोठे आहे.

परिसरातील मार्ग

तुळजापूर–औसा–लातूर–चाकूर–अहमदपूर–लोहा–नांदेड–यवतमाळ–वर्धा–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ दोन्ही शहरांना जोडतो. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड–देगलूर–संगारेड्डी हा महामार्ग १६१ हैदराबादकडे जातो, तर कल्याण–परभणी–नांदेड–भोकर–निर्मल हा महामार्ग ६१ होय. लातूरहून पुण्यास जाताना सामान्यतः मुरुड, येडशी, बार्शी व कुर्डुवाडीमार्गे टेंभुर्णी गाठून पुणे–सोलापूर महामार्ग धरला जातो. नांदेडहून परभणी व जालनामार्गे ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावर जाता येते. या मार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जालना–नांदेड जोड द्रुतगती मार्ग प्रस्तावित आहे.

एकाच प्रवासात चौपदरी काँक्रीटचा रस्ता, दुपदरी डांबरी रस्ता आणि काळ्या मातीमुळे खचलेला उंचसखल रस्ता असे तिन्ही प्रकार लागतात. ऊस गाळपाच्या हंगामात, विशेषतः रात्री, मागे दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हा मोठा धोका असतो. एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून केवळ कमाल वेग किंवा केवळ इंधन-सरासरी पाहून केलेली निवड येथे अपुरी पडते.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर ताशी १२० किमी व दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गांवर ताशी १०० किमी ही कमाल वेगमर्यादा आहे. राज्य शासन त्याहून कमी मर्यादा ठरवू शकते. त्यामुळे प्रत्यक्ष फलकावरील मर्यादा पाळावी लागते.

इंजिन व गिअर

पाच गिअरच्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकमध्ये ताशी १०० किमी वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण ३,००० च्या आसपास असतात. चार सिलिंडरची इंजिने या फेऱ्यांवर शांत चालतात. तीन सिलिंडरच्या इंजिनांत थरथर अधिक जाणवते, मात्र ती दोष मानली जात नाही. ८०० ते १,००० घनसेंटिमीटरची साधी (टर्बोविरहित) इंजिने चार प्रवासी, सामान व वातानुकूलन यांसह दुपदरी रस्त्यावर ओलांडताना तोकडी पडतात. समोरून वाहन येत असताना लागणारा हा अधिकचा वेळ सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

टर्बो पेट्रोल इंजिने ओलांडताना अधिक सक्षम असतात, परंतु त्यांना ठरलेल्या प्रतीचे तेल ठरलेल्या वेळी बदलणे अत्यावश्यक असते. सर्व्हिसची नोंद नसलेली टर्बो गाडी टाळावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. स्वयंचलित गिअरपैकी एएमटी प्रकारात गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, तर ड्युअल क्लच प्रकाराची दुरुस्ती महाग असते आणि ती लहान शहरांत सहज होत नाही.

पेट्रोल की डिझेल हा निर्णय वार्षिक धावेवर अवलंबून असतो. वर्षाला १२,००० किमी धाव व लिटरला १८ किमी सरासरी धरल्यास सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते. २३ किमी सरासरीच्या डिझेल गाडीस सुमारे ५२२ लिटर डिझेल लागेल. इंधनातील ही बचत डिझेल गाडीची अधिक किंमत व देखभाल यांच्याशी ताडून पाहिली जाते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

देशातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले (ई-२०) पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनास अनुकूल आहेत. त्याआधीच्या अनेक गाड्या १० टक्के मिश्रणासाठी बनवलेल्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा चारचाकी वाहनांची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज दिलेला आहे. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या, गॅस्केट व टाकीच्या झाकणाची पट्टी तपासावी. ई-२० बाबत संबंधित मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, तेही पाहावे.

सुरक्षासाधने

गाडीच्या निर्मितीची तारीख सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची असते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस (चाके न अडकू देणारी ब्रेक यंत्रणा) अनिवार्य झाली. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, ताशी ८० किमीनंतर वाजणारी वेगसूचना व मागील पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. २०२१ अखेरपासून पुढील प्रवाशासाठीही एअरबॅग आवश्यक करण्यात आली. यापूर्वीच्या गाड्यांत ही साधने बहुधा केवळ महागड्या श्रेणीत मिळत. म्हणून एकाच वर्षाच्या व एकाच नावाच्या दोन गाड्यांतही फरक असू शकतो.

ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांत टाटा अल्ट्रोजला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच, होंडा जॅझ व टाटा टियागोला चार, तर २०१८ च्या मारुती स्विफ्टला दोन तारे मिळाले. फोक्सवॅगन पोलोला २०१४ मध्ये एअरबॅगविना शून्य व दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले होते. तारे गाडीच्या विशिष्ट आवृत्तीला मिळतात, नावाला नव्हे. भारताची स्वतःची भारत एनकॅप ही चाचणीयोजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली.

प्रचलित मॉडेले

• मारुती स्विफ्ट (२००५ पासून): चार सिलिंडर १.२ लिटर इंजिनाच्या आवृत्त्या विपुल, सुटे भाग तालुक्याच्या गावीही उपलब्ध. २०१८ च्या आवृत्तीत सामानाची जागा २६८ लिटर.
• मारुती बलेनो (२०१५ पासून) व तिचीच टोयोटा आवृत्ती ग्लान्झा (२०१९ पासून): ऐसपैस मागील आसन. बलेनोच्या पहिल्या आवृत्तीत सामानासाठी ३३९ लिटर जागा, इंधनटाकी ३७ लिटर.
• ह्युंदाई एलिट आय-२० (२०१४ पासून): चार सिलिंडर इंजिन, सामानासाठी २८५ लिटर जागा.
• होंडा जॅझ: ३५४ लिटर सामानाची जागा. २०२३ मध्ये भारतातील उत्पादन थांबले.
• फोक्सवॅगन पोलो (२०१०–२०२२): पुण्याजवळ चाकण येथे निर्मिती. महामार्गावरील स्थिरतेसाठी ख्यात. देखभालीचा खर्च तुलनेने अधिक.
• टाटा टियागो (२०१६ पासून) व अल्ट्रोज (२०२० पासून): तीन सिलिंडर इंजिने. सामानाची जागा अनुक्रमे २४२ व ३४५ लिटर.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यामुळे फिगोसारख्या गाड्या स्वस्त मिळतात. मात्र निवड करण्यापूर्वी जवळच्या शहरात सुटे भाग व जाणता कारागीर मिळतो का, हे पाहावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असल्यास सुरुवातीचा खडखडाट व धूर लपतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे व गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे लक्षण आहे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला दिसणारी वाफ मात्र स्वाभाविक असते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे गढूळ पाणी आढळल्यास उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासात इंजिन तापण्याची शक्यता असते.

मीटर मागे फिरवण्याचा प्रकार ओळखण्यासाठी अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंदी मागवाव्यात. पेडलचे रबर, स्टिअरिंग व चालकाचे आसन यांची झीज मीटरवरील आकड्याशी जुळते का, ते पाहावे. बॉनेट व दारांचे बोल्ट खोललेले असणे, रंगाच्या छटेतील फरक, दारांच्या फटी कमीजास्त असणे व पुढील चासीवरील नवे वेल्डिंग ही अपघाताची चिन्हे होत. गालिच्याखाली चिखलाचा थर व आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज असल्यास गाडी पुराच्या पाण्यात राहिली असावी.

टायरवर निर्मितीची तारीख चार अंकांत असते. उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे कायद्याने आवश्यक आहे. मात्र नक्षी शिल्लक असूनही पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होते. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने चालताना जुना किंवा हवा कमी असलेला टायर फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून अतिरिक्त (स्टेपनी) टायरसह पाचही टायरांची तारीख पाहून नव्या टायरांचा खर्च किमतीत धरला जातो.

चाचणीफेरी केवळ गल्लीत न घेता महामार्गावर किमान वीस-पंचवीस किलोमीटरची घ्यावी. ताशी ८० ते १०० किमी वेगाला स्टिअरिंगची थरथर, ब्रेक दाबल्यावर एका बाजूस ओढ, पाचव्या गिअरमध्ये फेरे वाढूनही वेग न वाढणे (क्लच झिजल्याचे लक्षण) आणि वातानुकूलन चालू असताना तापमापक काटा या गोष्टी पाहाव्यात. काचा पिवळट झालेले पुढील दिवे रात्रीच्या प्रवासात घातक असतात.

बाहेरून बसवलेले सीएनजी किट नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद असणे आवश्यक आहे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीमुळे सामानाची बहुतेक जागा जाते.

कागदपत्रे व मालकी हस्तांतर

नांदेडची नोंदणी खूण एमएच-२६ व लातूरची एमएच-२४ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ व वित्तसंस्थेचे पत्र लागते. थकीत ई-चलन, विम्याची मुदत व पीयूसी प्रमाणपत्र शासकीय संकेतस्थळांवर तपासता येते. चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरून ताडून पाहावेत.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी ताब्यात घेणे व नाव बदलणे लांबणीवर टाकणे, ही पद्धत दोन्ही पक्षांस धोकादायक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात, नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे स्पष्ट केले. गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा विक्रेता अशा वेळी वर्षांनंतरही उत्तरदायी ठरतो. दुसरीकडे खरेदीदाराने १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो पूर्वीच्या मालकाकडेच राहतो.

तेलंगण किंवा कर्नाटकात नोंदलेली गाडी घेतल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवल्यास येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो व महाराष्ट्राचा वाहनकर भरावा लागतो. हा कर धरल्यावर सीमेपलीकडील स्वस्त गाडी अनेकदा स्वस्त उरत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद आहे. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची रीतसर नोंद झाल्यावर तिची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

खर्चाचा अंदाज

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. याखेरीज महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. म्हणून बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना उरलेली मुदत किमतीत धरली जाते. खरेदीच्या रकमेखेरीज टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, सर्व द्रवपदार्थ, विमा व हस्तांतर यांसाठी वेगळी तरतूद ठेवल्यासच गाडीची खरी किंमत कळते. अंदाजपत्रक तोकडे असल्यास वरच्या श्रेणीच्या पण थकलेल्या गाडीऐवजी लहान, एका हाती वापरलेली व नोंदी पूर्ण असलेली गाडी महामार्गासाठी अधिक विश्वासार्ह मानली जाते.

हेही पाहा

हॅचबॅक • मोटार वाहन कायदा, १९८८ • समृद्धी महामार्ग • राष्ट्रीय महामार्ग ३६१ • भारत स्टेज उत्सर्जन मानके • भारत एनकॅप