चिठ्ठी, कॅसेट आणि कार्ड

मिक्सटेपविषयी आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्याचा साचा ठरून गेला आहे. एका मुलाने एका मुलीसाठी रात्री जागून, टू-इन-वनसमोर बसून, एकेक गाणं निवडत कॅसेट भरली. आतल्या कार्डावर वळणदार अक्षरात यादी लिहिली. मग सीडी आली, मोबाइल आला, आणि ती हळवी कला संपली. तिची वारस म्हणून उरली प्लेलिस्ट. या मतात तीन विधानं दडलेली आहेत. मिक्सटेप ही खाजगी भेट होती, तिच्यात पैशाचा संबंध नव्हता, आणि ती कॅसेटबरोबर गेली. पहिलं विधान अर्धं खरं आहे. उरलेली दोन मला मान्य नाहीत.

हे मत मुळात आपलं नाहीच. निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाची ‘हाय फिडेलिटी’ ही कादंबरी १९९५ सालची. रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या तिच्या नायकाने आवडत्या व्यक्तीसाठी टेप तयार करण्याचे नियम जगाला पाठ करून दिले, २०००च्या चित्रपटाने ते आणखी पसरवले, आणि आपण त्यांना आपल्या आठवणींचे कपडे चढवले. पण ज्या न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार रुजला तिथला इतिहास वेगळं सांगतो. १९७०च्या दशकात ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क, ग्रँडमास्टर फ्लॅश हे डीजे पार्ट्यांत रेकॉर्डी वाजवत. त्या कार्यक्रमांच्या कॅसेटी हातोहात विकल्या जात, टॅक्सीवाले त्या गाडीत लावत. फ्लॅश गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे कॅसेट भरून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. म्हणजे जन्मापासूनच तो धंदा होता.

पुढे तर या नावाने माध्यमाशीही फारकत घेतली. रेकॉर्ड कंपनीने काढून टाकलेल्या फिफ्टी सेंट या रॅपरने २००२मध्ये दुसऱ्यांच्या चालींवर स्वतःचे शब्द म्हणत ज्या मिक्सटेप काढल्या त्यांनीच त्याला वर आणलं. चान्स द रॅपरची ‘कलरिंग बुक’ ही २०१६ची मिक्सटेप कॅसेटवर नव्हती, सीडीवर नव्हती, विकायलाही नव्हती. तरी २०१७ला तिला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे टी-सीरीजने २०१७मध्ये दोन सिनेगीतं एकमेकांत गुंफून गाण्याच्या मालिकेला ‘मिक्सटेप’ नाव दिलं. इतरांच्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटी काढून मोठ्या झालेल्या कंपनीने हे नाव घ्यावं, यात मला तरी गंमत वाटते.

मग मिक्सटेप म्हणायचं कशाला? माझं म्हणणं असं: कंपनीने बांधलेल्या संचाबाहेर जाऊन, समोर कोण ऐकणार आहे हे ओळखून, कुणीतरी केलेली निवड म्हणजे मिक्सटेप. निवडणारा प्रियकर असो वा दुकानदार. आणि या अर्थाने तिचा खरा पत्ता मला सदाशिव पेठेपेक्षा सुरतच्या बमरोलीत सापडतो.

बमरोली म्हणजे पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेला लूम कारखान्यांचा भाग. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेला खान्देशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो. शेजारी गंजामचा ओडिया, पलीकडे बिहार-उत्तर प्रदेशचा. महापालिकेच्या शाळा मराठीत भरतात, ओडियातही भरतात. ताप्ती लाइनची गाडी नवापूरला अर्धी महाराष्ट्रात नि अर्धी गुजरातेत उभी राहते आणि तीच गाडी या माणसांना कानबाई, आखाजीच्या सणांना गावी नेते. या माणसाच्या घरी १९८५ साली दोन कॅसेटींचा डेक कुठून असणार? म्हणून तो दुकानात जायचा. गाण्यांची चिठ्ठी द्यायची, ‘साठची भरा’ की ‘नव्वदची’ ते सांगायचं, दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. बाजू संपताना चार मिनिटं उरली तर दुकानदार स्वतःच्या पसंतीचं एखादं गाणं टाकायचा, नाहीतर शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. तालुक्या-तालुक्याच्या बाजारपेठांत हेच चालायचं. याला कुणी मिक्सटेप म्हणत नव्हतं, ‘कॅसेट भरून घेणं’ म्हणत. नाव नव्हतं म्हणून वस्तू नव्हती असं कसं म्हणावं?

अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३चं पुस्तक उत्तर भारताविषयी आहे. कॅसेटीने एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, शेकडो छोटे उत्पादक उभे राहिले, प्रादेशिक बोलींतल्या गाण्यांना बाजार मिळाला, हे त्यांनी तपशिलाने दाखवलं आहे. खान्देशच्या अहिराणीचंही तेच. मोठ्या कंपन्यांच्या यादीत जी बोली जवळजवळ नव्हती तिची गाणी आधी छोट्या कॅसेटींवर, मग मालेगावकडच्या व्हीसीडींवर, मग मेमरी कार्डावर फिरली. कार्डाच्या दिवसांत मोबाइलच्या दुकानात संगणकासमोर बसलेला पोरगा बोली ऐकून विचारायचा, ‘कुठले?’ शिरपूर म्हटलं की एक फोल्डर, गंजाम म्हटलं की दुसरं. लग्नाचं आहे का भजनांचं, हेही विचारायचा.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत जोरदार मुद्दा येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. साठच्या कॅसेटीत पंधरा गाणी मावत, म्हणून निवड करावी लागे, क्रम लावावा लागे, तासाची कॅसेट भरायला तास जाई. चार जीबीच्या कार्डात आठशे गाणी. काही मिनिटांत ओतली. यात कसली निवड? क्रमाचं दुःख मी मान्य करतो; पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं असावं, हा प्रश्नच कार्डाने संपवला. पण हस्तांतर संपलं नाही. त्या आठशेंत काय असावं हे कुणीतरी तुमच्याकडे पाहून ठरवलेलं असतं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या टेबलाशी जाऊन भांडू शकता. अ‍ॅपवरची आपोआप जुळणारी प्लेलिस्ट याच कसोटीवर मागे पडते. तिला तुमची कालची गाणी ठाऊक असतात, तुमचं गाव ठाऊक नसतं. एखाद्याने स्वतः बनवून मित्राला पाठवलेली प्लेलिस्ट मात्र मी बिनदिक्कत मिक्सटेप मानीन.

शिवाय लग्नाच्या डीजेची रीमिक्स घ्या. गाणं रंगात आलं की मध्येच घोगरा आवाज डीजेचं आणि त्याच्या गावाचं नाव पुकारतो. शिष्ट मंडळी कानांवर हात ठेवतात. अमेरिकन मिक्सटेपवरही डीजे नेमकं हेच करत आले आहेत; निवड कुणाची याची ती सही असते. खान्देशातल्या डीजेंनी ती कुणाकडून उचलली की त्यांना आपसूक सुचली, या वादात मी पडत नाही.

राहिली पायरसी. हा आक्षेप खोटा नाही. गायक-वादकांचं नुकसान झालंच. पण तो कुणावर येतो ते पाहा. ब्रिटनमध्ये १९८१ साली कंपन्यांनी घरी कॅसेट भरण्याविरुद्धच मोहीम काढली होती, तेव्हा तो हळवा प्रियकरही चोरच ठरवला गेला होता. आज त्याच्यावर ललित लेख लिहिले जातात. जानेवारी २००७मध्ये अटलांटात मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाला अटक झाली, त्याच्या हजारो सीडी जप्त झाल्या. धाडीमागे ज्या कंपन्यांची संघटना होती त्याच कंपन्या आपले कलाकार पुढे आणायला अशा मिक्सटेप वापरत होत्या. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ची दुरुस्ती झाली आणि वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराची सवलत ध्वनिमुद्रणांनाही मिळाली. स्वतःच्या डेकवर भरणारा त्या सवलतीच्या आडोशाला उभा राहू शकतो. डेक नसलेल्याला ज्याने पैसे घेऊन भरून दिलं, तो राहू शकत नाही. कृती एक, पण पहिला रसिक आणि दुसरा गुन्हेगार. मिक्सटेपची व्याख्या करताना ‘पैशाचा संबंध नको’ ही अट आली कुठून, ते इथे कळतं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कार्ड भरण्याचा धंदा बसला. तरी ट्रॅक्टर, रिक्षा, टेम्पो यांच्यासाठी पेन ड्राइव्ह भरून घेणारे आजही आहेत, कारण रानात नि घाटात रेंज नसते आणि दुकानदाराला अजूनही विचारता येतं की आमच्याकडचं काय आहे.